पीएचडीनंतर पेटंटच्या कामात शिरायचंय, मदत हवी आहे

मंडळी, पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. थिसिस दोन महिन्यांत सबमिट होईल. फेलोशिपची 5 वर्षं संपली, म्हणजे महिन्याचे 42,000 आणि घरभाडं बंद. सध्या भावाच्या जिवावर चाललंय. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) करायचं नाही, हे पक्कं. (आईला अजून सांगितलेलं नाही!) पेटंट एजंटची, म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करणाऱ्याची, परीक्षा द्यावी म्हणतेय. तिला विज्ञानाची पदवी चालते, एलएलबी लागत नाही. पण परीक्षा पास होण्याआधी आयपी (बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंट वगैरेंचं काम करणाऱ्या) फर्मवाले दारात उभं करतात का? वय 31, अनुभव फक्त फ्यूम हूडसमोरचा, म्हणजे प्रयोगशाळेतला. शिवाय आठ पानी सीव्ही दोन पानांत कोंबताना पेपरांची यादी उडवू की ठेवू? या वाटेनं कुणी गेलं असेल तर सुरुवातीचा पगारही मोकळेपणानं सांगा.