हात, मनगट, खांदा: तुमच्या दुखण्याचं मूळ काय निघालं?

उनाडपक्षी
ऑफिसात नवीन आलेल्या मुलीच्या मनगटाला पट्टा दिसला आणि माझं जुनं दुखणं आठवलं. रात्री मुंग्यांनी जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर, करंगळी ठणठणीत. सगळे म्हणाले, माऊस! निघालं कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबलेली, आणि रक्ततपासणीत थायरॉईडही कमी. माऊसचा हात असेलही, पण एकट्याचा नव्हता. तुमचं काय?

खटपट्या
माझं उलट, करंगळीच बधिर. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून फोनवर बोलायची सवय. तिथली नस दबते म्हणे. बायको खूश, फोन आटोपते घेतो आता.

सांजसावली
बाळ झोपलंय तोवर लिहिते. अंगठ्याच्या मुळाशी कळ, बाटलीचं झाकण फिरेना. डी क्वेर्व्हेन निघालं, म्हणजे अंगठ्याकडच्या कंडरांचं दुखणं. काखेत हात घालून बाळाला उचलताना अंगठे ताणले जातात त्याने. घरचे म्हणे मोबाईल कमी कर!! उठलं वाटतं

पेनड्राईव्ह
@सांजसावली ताईला सेम झालेलं, स्प्लिंटने (अंगठा हलू न देणारा पट्टा) उतार पडला. किती महिन्यांचं आहे?

जुनंखोड
फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडलेला. हात पाठीमागे जाईना, शर्ट घालताना डोळ्यांत पाणी. घरात एकच पालुपद, झोपेत अवघडला असेल. डॉक्टरांनी आधी साखर तपासली. मधुमेहात हे जास्त होतं.

भिरभिरं
भाऊ काँक्रीट फोडायचं मशीन चालवतो. थंडीत बोटं पांढरीफटक पडतात, बटण लागत नाही. कंपनामुळे. आमच्याकडे पॅकिंगला सगळ्यांचेच खांदे गेलेत. तक्रार केली तर खुर्च्या बदलून दिल्या, टार्गेट तेच! मान मोडून, श्वास रोखून काम करायचं, मग नवी खुर्ची काय करणार?

उनाडपक्षी
@भिरभिरं अगदी. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय, कारकुनांचे हात का दुखतात ते. सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि हिशेब चुकेल ही धास्ती. तेव्हा कुठे होता माऊस?

खटपट्या
आता टेनिस एल्बोपण झालाय, कोपर बाहेरून दुखतं. रॅकेट जन्मात धरली नाही, स्क्रू पिळून पिळून झाला.

जुनंखोड
एक राहिलं. डाव्या हातासोबत छातीत दाब, घाम असेल तर बाम चोळत बसू नका, थेट इमर्जन्सी.

सांजसावली
@पेनड्राईव्ह चौथा लागलाय. स्प्लिंट दिवसभर की फक्त रात्री?

पेनड्राईव्ह
ताईला विचारून सांगतो. ती दोन्ही वेळा घालायची, पण तिचा मुलगा ओढून काढायचा :))