इंग्रजीतील 'इफ'ची वाक्ये शिकवताना मराठीचा काळ आड येतो : मदत हवी आहे

नमस्कार. पाचोरा तालुक्यातील आमच्या गावी मी संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेतो. झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड कंडिशनल या 'इफ'च्या वाक्यांच्या चार प्रकारांची सूत्रे मुलांना तोंडपाठ आहेत, परंतु मनातले वाक्य इंग्रजीत मांडायला सांगितले की ती अडखळतात आणि याचे मूळ, माझ्या मते, मराठीच्या क्रियापदात आहे.

'उद्या गिरणेचे आवर्तन सुटले तर आम्ही कपाशीला पाणी देऊ' या वाक्यात घटना उद्याची असूनही 'सुटले' हे रूप भूतकाळाचे आहे. त्यामुळे काही मुले सरळ 'इफ दे रिलीज्ड वॉटर टुमारो, वी विल...' असे लिहितात, तर काही जण 'इफ दे विल रिलीज' असे करतात. येथे 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ, म्हणजे 'इफ दे रिलीज वॉटर', हवा, हे सरावाने त्यांच्या अंगवळणी पडत आहे.

खरी अडचण पुढे आहे. 'माझ्याकडे पैसे असते तर मी ठिबक बसवले असते' हे वाक्य आपण आजच्या परिस्थितीबद्दलही बोलतो आणि गेल्या हंगामाबद्दलही. इंग्रजीत मात्र आजसाठी 'इफ आय हॅड मनी, आय वुड इन्स्टॉल ड्रिप' आणि गेल्या हंगामासाठी 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव इन्स्टॉल्ड ड्रिप' अशी दोन वेगळी वाक्ये होतात. बारावीतील एका मुलीने विचारले, "सर, पैसे आज नाहीत, मग हॅड कशाला?" हे भूतकाळी रूप काळ दाखवत नसून गोष्ट वास्तवात नाही एवढेच दाखवते, असे मी सांगितले, तिने मान डोलावली, पण पुढच्याच वाक्यात पुन्हा 'इफ आय हॅव मनी, आय वुड' असे लिहिले.

सध्या मी मराठी वाक्यातच 'आत्ता' किंवा 'गेल्या वर्षी' हे शब्द घालायला लावतो. 'वादळ आले नसते तर केळीची बाग आडवी झाली नसती' यासारख्या, होऊन गेलेल्या गोष्टीच्या वाक्यांत त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु 'गेल्या वर्षी ठिबक बसवले असते तर आज बाग हिरवी असती' असे वाक्य आले की मुले दुसऱ्या भागातही 'वुड हॅव बीन' लिहितात, कारण पाठ केलेल्या चार सूत्रांत 'वुड बी ग्रीन टुडे'ला जागाच नाही.

म्हणून जाणकारांना माझे विचारणे असे आहे, की ही चार खाती बाजूला ठेवून, 'ही गोष्ट अजून शक्य आहे का?' आणि 'वाक्याचा हा भाग कोणत्या वेळेबद्दल आहे?' हे दोनच प्रश्न प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे विचारायला शिकवावे का? मराठी माध्यमाच्या मुलांना ज्यांनी असे शिकवले आहे, त्यांनी सुरुवात कोणत्या वाक्यांनी केली, हे कृपया उदाहरणांसह सांगावे.