बंद पेटी, पोर्टवाली की ओपन बॅफल? छोट्या खोलीतल्या स्पीकरसाठी सल्ला हवा

मंडळी, वाचून वाचून गोंधळ वाढलाय, म्हणून विचारतो.

खोली ४ मीटर लांब, ३ रुंद. बुकशेल्फ स्पीकर, साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग), मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर करणारं भोक. भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे. मी समोरच्या टोकाला, भिंतीला टेकून बसतो.

तक्रार डग्ग्याची. थाप संपते, पण घुमारा खोलीत रेंगाळतो. आणि मींड घेताना मधलाच एक सूर एकदम फुगतो, बाकीचे आपापल्या जागी.

परवा दोन्ही पोर्टांत पायमोजे कोंबले (धुतलेले!) आणि एकेक टोन वाजवून पाहिला. ४३ हर्ट्झचा घुमारा बराच उतरला. ८६ चा ढिम्म हलला नाही. आवाज मात्र थोडा कोरडा वाटला.

आता नवी जोडी घ्यावी का? बंद पेटीत बेस सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्यात ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुराला घुमतो त्याच्या) खाली २४ ने, एवढं कळलंय. ओपन बॅफलचा (पेटी नाहीच, नुसत्या फळीवर बसवलेला स्पीकर) मोह आहे, कारण पुढचा-मागचा आवाज बाजूंना एकमेकांना खाऊन टाकतो आणि खोली कमी चाळवते. पण त्यांना मागे मीटरभर जागा लागते म्हणतात, मग माझ्याकडे उरतं काय? हॉर्नचा (मोठ्या भोंग्याच्या स्पीकरचा) विषय काढू नका, खोलीत एकतर ते राहतील नाहीतर मी.

यातले कुठलेही दोन प्रकार एकाच खोलीत ऐकलेलं कोणी आहे का?

प्रतिसाद:
पायमोज्यांनीच उत्तर दिलंय की. पोर्ट बोलतो तो ट्यूनिंगच्या आसपास, म्हणून ४३ ला फरक पडला. ८६ ला आवाज मुळात वूफरचा. ४ मीटर लांबीत खोलीचा पहिला अनुनाद (भिंतींमध्ये आपोआप घुमणारा सूर) ४३ चा, दुसरा ८६ चा, आणि भिंतीला टेकलेल्या डोक्याला दोन्ही सगळ्यात जोरात ऐकू येतात. म्हणजे ८६ तुमच्या खोलीचा आहे, पेटी बदलून जाणार नाही.

भिंतीलगतच ठेवायचे असतील तर माझं मत बंद पेटीला. तिचा उतार सावकाश असतो, भिंत बेस उचलते, हिशेब जमतो. १९५४ चा एडगर विल्चर यांचा एआर-१ स्पीकर बंद पेटीचाच, आतली हवा स्प्रिंगसारखी वापरणारा. पण पैसे घालण्याआधी खुर्ची मीटरभर पुढे ओढा. मागच्या भिंतीपासून पाव लांबीवर ८६ चा दाब जवळजवळ शून्य असतो.

धागाकर्ता:
ओढली! सूर फुगायचा थांबला, डग्गा सुटा ऐकू येतो. फक्त आता खोलीचं दार अर्धंच उघडतं. ६० सेंटिमीटरवर कितपत भागेल?