टीपीआर चार्टवर सगळ्यांचा श्वास २० कसा?

वॉर्डइन्चार्ज_गडचिरोली
३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. पावसाळा लागला की साप चावलेले पेशंट सुरू. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाची नोंद, काढला तर ज्याला त्याला श्वास मिनिटाला २०! वही घेऊन शेजारी उभं राहिलं की सगळ्या सिस्टर नीट मोजतात, पाठ फिरली की पुन्हा २०. सिस्टर कसं मोजतात याचं निरीक्षण करायचं कसं, टिपायचं काय?

जुनी_सिस्टर
ताई, आधी फक्त श्वासच धरा. मोजायचा पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी पाहिल्यासारखं मनगट धरायचं, चादर बाजूला, नजर छाती-पोटावर. त्याच मिनिटाला तुम्ही पायथ्याशी उभ्या राहून मोजा अन् मग दोन्ही आकडे ताडा.
मण्यार चावली तर सूज नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पापण्या जड होतात, मग श्वास उथळ होतो. अशा पेशंटला एका दमात कितीपर्यंत आकडे म्हणता येतात तेही लिहीत जा. ते घसरायला लागले की डॉक्टरांना लगेच बोलवायचं, ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी. तो आकडा उशिरा पडतो.

नळी_आणि_घड्याळ
सापाच्या विषाने रक्त गोठायचं थांबलं का, ते सांगणारी २० मिनिटांची रक्ताची चाचणीही सिस्टर कशी करतात ते पाहा. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत २ मिली ताजं रक्त, हात न लावता २० मिनिटं, मग रक्त गोठलं का बघायला एकदाच आडवी. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि विनाकारण सापाच्या विषावरची लस चढते. पाच मिनिटांत हलवून बघणारे तर हमखास सापडतात. नळीवर वेळ लिहिली का, तेवढं टिपा. नाग-मण्यारीत रक्त गोठतं, म्हणून पेशंट सुटला असं समजू नका बाप्पा.

रात्रपाळी
निरीक्षण एका वेळी २० मिनिटं पुरे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचे आकडे सोडून द्या, कोणी पाहून राहिलं म्हटलं की हात आपोआप नीट चालतात. नंतर सवय होते. पहाटे ३ ला एकदा जा. सिस्टरचं नाव लिहू नका. पलंग, वेळ, काय झालं, काय राहिलं, बस. आणि राहिलं तर का? पलंगावरून सेकंदकाटा दिसतो का, ते आधी पाहा.

वॉर्डइन्चार्ज_गडचिरोली
घड्याळ दाराच्या वर आहे, खाट ७ च्या पुढे दिसतच नाही. उद्या मधल्या खांबावर लावते.