उत्तर: सार्वजनिक रुग्णालये फक्त गरिबांसाठीच का?
ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत त्यांची सोय म्हणजे सार्वजनिक रुग्णालय, हे वरच्या प्रतिसादातील विधान अर्धेच खरे आहे. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या, खिशात ओळखपत्रही नसलेल्या माणसाला बहुधा तिथेच नेले जाते, मग त्याची ऐपत काहीही असो.

चर्चेत न आलेला मुद्दा असा, की नवा आजार आल्यावर इतरांनी दारे लावून घेतली तरी हे दार उघडे राहते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या ‘सॅन फ्रान्सिस्को जनरल’ या सार्वजनिक रुग्णालयाने जुलै १९८३ मध्ये एड्सच्या रुग्णांसाठी ‘५-बी’ हा अवघ्या १२ खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू केला, तेव्हा या आजाराचा विषाणू नुकताच सापडला होता आणि अनेक ठिकाणी अशा रुग्णांच्या जेवणाचे ताट खोलीच्या दाराबाहेरच ठेवले जाई. ‘५-बी’मध्ये मात्र स्वेच्छेने आलेल्या परिचारिका रुग्णाचा हात हातात घेऊन बसत आणि भेटायला कोणी यायचे हे रुग्ण स्वतः ठरवत. ही पद्धत पुढे इतर रुग्णालयांनीही उचलली. नफ्यातोट्याचे गणित मांडणाऱ्या संस्थेने त्या घडीला असा कक्ष काढला असता, असे मला तरी वाटत नाही.