१७ दिवसांची उघडीप, सोयाबीनची पानं दुपारी उलटी: झाडात काय चाललंय आणि फवारायचं काय?

काळंरान
सोयाबीनचं फुले संगम वाण, पेरून ४६ दिवस, भारी काळी जमीन. १७ दिवस पाऊस नाही. सकाळी पीक टवटवीत, पण ११ वाजल्यापासून पानं उलटून पांढरट बाजू वर. फुलगळ सुरू, खालची पानं फिकट. दुकानदार म्हणतो २ टक्के युरिया मारा, शेजारचे म्हणतात १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे नत्र-पालाशचं विद्राव्य खत). विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी आहे. काय करू? कारणासकट सांगा.

पर्णरंध्र
पान उलटतंय म्हणजे ऊन चुकवतंय, तो रोग नव्हे. मुळांना कोरड जाणवली की पानात ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचा इशारा देणारं संप्रेरक वाढतं. त्याने पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांच्या, कडेच्या रक्षक पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी सैलावतात आणि छिद्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कर्बवायूची वाटही बंद होते, आणि बाष्प उडत नसल्याने पान हवेपेक्षा गरम होतं. दुपारी उलटलेलं पान गालाला लावून बघा, कळेल.

आता कर्बवायू नाही पण ऊन तर चालूच. ती जास्तीची ऊर्जा ऑक्सिजनवर जाते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी, हरितद्रव्य जाळणारी द्रव्यं तयार होतात. शिवाय गरम पानात रुबिस्को हे विकर कर्बवायू सोडून ऑक्सिजन जास्त पकडतं, म्हणजे केलेली कमाई प्रकाशश्वसनात जाते. ज्वारी-मक्याला ही गळती फारशी नसते, सोयाबीनला असते. साखर कमी पडली की झाड आधी फुलं सोडतं. चांगल्या पावसातही सोयाबीनची बरीच फुलं गळतातच, तेव्हा खाली पडलेली फुलं मोजत बसू नका. बारीक शेंगा टिकतात का ते बघा.

गाठीवाला
फिकट पानांचं कारण मुळाशी आहे दादा. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, आणि पर्णरंध्रं मिटायच्या आधीच हे काम मंदावतं. सोयाबीनचं नत्र गाठीतून युराइड नावाच्या नत्रयुक्त संयुगांच्या रूपात वर जातं. ताणात ते पानात तुंबतं आणि त्यामुळेही गाठीचं काम थांबतं, असं मानतात. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. फावड्याने मातीसकट काढा, नखाने गाठ फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर पाणी मिळताच ती परत कामाला लागेल. हिरवट किंवा तपकिरी असेल तर ती संपली.

काळंरान
चार झाडं काढली. बहुतेक गाठी फिकट गुलाबी आहेत. मग युरिया मारू का?

पर्णरंध्र
आत्ता नको. २ टक्के युरियाच्या पाण्यात नत्र ०.९२ टक्के, १ टक्का १३:००:४५ मध्ये ०.१३, म्हणजे सातपट फरक. नत्र पचवायला झाडाला साखर लागते, तीच तुमच्याकडे तुटपुंजी आहे. वर तापलेल्या पानावर थेंब वाळताना द्रावण तीव्र होतं आणि कडा करपतात. १३:००:४५ मधलं पोटॅशियम मात्र पर्णरंध्रांच्या उघडझापीला आणि पेशीत पाणी धरून ठेवायला कामी येतं.

१६ लिटरच्या पंपाला १६० ग्रॅम, एकरी २०० लिटर पाण्याला २ किलो. आधी बादलीत विरघळवून, गाळून मग टाकीत ओता. सकाळी ९ च्या आत किंवा ऊन उतरल्यावर फवारा. त्यात कीटकनाशक, तणनाशक काही मिसळू नका, ताणातल्या पानाला एक औषध पुरे. आणि फवारा म्हणजे पाणी नव्हे, त्याने आठवडाभर ढकलता येईल इतकंच.

गाठीवाला
भेगा बुजवायला आता कोळपं घालू नका. फुलोऱ्यात मुळं तुटली तर गळ वाढेल. काडीकचरा असेल तर ओळींत पसरा.

एकमेव पाळीचं म्हणाल, तर पहाटे पानं ताठ असतील तोवर पाणी राखून ठेवा. फुलोरा बरेच दिवस चालतो, गेलेली फुलं मागच्या फुलांनी थोडीफार भरून निघतात. दाणे भरताना बसलेला फटका नाही भरून निघत. पण पहाटेही पानं लोळलेली दिसली तर थांबू नका, त्याच संध्याकाळी द्या, आणि तुषारनेच द्या. पाटाचं पाणी भेगांतून खाली जाईल, एकाच पाळीत अर्धं रानही भिजणार नाही.