गिरणगावातल्या उरलेल्या चिमण्या: कृष्णधवल फोटोंसाठी सल्ला हवा

काळाचौकीकर:
नमस्कार मंडळी. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर त्यांचं परत कामावर जाणं झालंच नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या ज्या थोड्या चिमण्या, म्हणजे धुराडी, उरल्यात, त्या फिल्मवर उतरवून ठेवायच्या आहेत. जुना एसएलआर कॅमेरा आहे, ५० मिमीची लेन्स. फिल्म कोणती घेऊ? लाल फिल्टर लावू का? आणि खालून फोटो काढला की चिमणी मागे कललेली दिसते, त्याचं काय करायचं?

डार्करूमवाला:
फिल्म इल्फर्ड एचपी५, ४०० आयएसओ. ढगाळ दिवशीही हातात धरून काढता येतील.

लाल फिल्टर मात्र नको. त्याने निळं आभाळ काळं होतं, पण चिमणी लाल विटांची असते आणि लाल रंग त्याच फिल्टरने फिका पडतो. मी एकदा पूर्ण रोल तसा घालवला. विटांमधल्या चुन्याच्या रेघा गेल्या, चिमणी खडूसारखी पांढरी. हिरव्या फिल्टरने वीट गडद येते. खरं तर फिल्टर न लावता ढग भरून आलेल्या दिवशी जा. जर्मनीतले बर्न्ड आणि हिला बेशर हे जोडपं १९५९पासून खाणींचे मनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या असेच टिपत राहिलं: आभाळ पांढरं, सावली नाही, कॅमेरा उंचावर.

कलण्याचा उपायही त्यातच आहे. समोरच्या चाळीत तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून काढा, कॅमेरा वर न उचलता सरळ धरा. खाली रस्ता जास्त आला तर प्रिंट करताना कापा. घरात विचारून जा, लोक नाही म्हणत नाहीत.

तिसरी_पाळी:
मी ११ वर्षं बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी) आणि पुढे कायम, असा गिरणीत होतो. नुसत्या चिमण्या काढू नका, ही कळकळीची विनंती. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असतं ना, त्याच्या काचा उत्तरेकडे असायच्या. ऊन थेट साच्यावर पडायचं नाही, दिवसभर एकसारखा उजेड. कापडातला दोष दिसावा म्हणून केलेली ती सोय. कुठे शाबूत छप्पर दिसलं तर आधी ते काढा. आणि पगाराची खिडकी. आमच्याकडे तिचा दगडी उंबरा हात टेकून टेकून मध्ये खोलगट झाला होता, पावसाचं पाणी साचायचं त्यात.

करी_रोड:
गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर टाळू नका, फ्रेममध्ये येऊ द्या. १९९१च्या विकास नियमावलीत ५८वा नियम आला आणि गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, ते फोटोत दिसलं पाहिजे. फिनिक्स गिरणीची चिमणी तर मॉलमध्येच उभी आहे. प्रत्येक निगेटिव्हवर तारीख आणि कुठे उभं राहून काढला ते लिहा, दरवर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढा. बंद गिरणीच्या आत परवानगीच्या चिठ्ठीशिवाय जाऊ नका, पहारेकऱ्याच्या नोकरीवर येतं.

काळाचौकीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. लाल फिल्टर रद्द. वडिलांना पगाराच्या खिडकीचं विचारलं. गेटातून आत गेलं की डावीकडे, टाइम ऑफिसच्या पुढे होती म्हणाले, आणि स्वतः दाखवायला येतो म्हणतायत. ढग असतील तर रविवारी सकाळी सातला निघतो. तिसरी_पाळी, आत जायच्या परवानगीचा अर्ज कसा लिहायचा, ते सांगाल का? वडिलांचा जुना गेटपास आहे घरात, त्याची प्रत जोडू का?